अनोळखी माणूस कुठे वाढला? दाढेतल्या आयसोटोपवरून कसं शोधायचं

पंजाबात अमृतसरजवळ अजनाला म्हणून गाव आहे, तिथे गुरुद्वाराच्या खाली एक जुनी विहीर होती, लोक तिला कालियांवाला खूह म्हणायचे. २०१४ ला ती विहीर खणली तेव्हा आतून कवट्या, हाडं आणि सुटे दात ढिगाने निघाले, सोबत नाणी आणि पदकं. आता ही माणसं कोण? एक म्हणणं असं की हे १८५७ मध्ये लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतून निघालेले २६व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई, अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने १ ऑगस्टला त्यांना मारून विहिरीत टाकलं, आणि त्याने स्वतःच पुढच्या वर्षी पुस्तक छापून २३७ जणांना गोळ्या घातल्या, ४५ जण कोंडलेल्या जागेत गुदमरून मेलेले सापडले असा हिशोब दिला. दुसरं म्हणणं असं की ही तर १९४७ च्या फाळणीतली माणसं. दोन्ही बाजूंनी लोक ठाम होते आणि हाडांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

मग चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ इथल्या संशोधकांनी ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे, पण वजनाने वेगळे अणू) तपासले, आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापला की ही माणसं गंगेच्या खोऱ्याकडची आहेत, पंजाबातली नाहीत. त्या रेजिमेंटमध्ये भरती झालेली पोरं तिकडचीच होती.

मी दातांची डॉक्टर, नंतर फॉरेन्सिककडे वळले, आणि मला नेहमी विचारतात की दातावरून गाव कसं काय कळतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते. फॉरेन्सिकचे, पुरातत्त्वाचे, भूशास्त्राचे विद्यार्थी असाल, किंवा पोलिसात असाल आणि अनोळखी मयताची फाइल महिनोनमहिने तशीच पडून असेल तर उपयोग होईल.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. दात गावाचं नाव सांगत नाही. हा माणूस कुठे वाढलेला नाही हे तो सांगतो. हजार तालुक्यांतले नऊशे खोडून दिले तर तपासाला केवढा फरक पडतो विचार करा, पण उरलेल्या शंभरातला नेमका एक निवडायचं काम दुसऱ्या पुराव्याचं आहे, डीएनए, बेपत्ता तक्रारी, कपडे, गोंदण वगैरे.

दातच का

हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने बनतं. बरगडीत शेवटच्या काही वर्षांचं खाणंपिणं दिसतं, मांडीच्या हाडात दहा-वीस वर्षांची सरमिसळ. पण दातावरचं इनॅमल, ज्याला पुस्तकात दंतवल्क म्हणतात, ते लहानपणी एकदा बनलं की बनलं. जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं त्यात, जिवंत पेशी नाहीत, त्यामुळे दुरुस्ती नाही आणि बदलही नाही. म्हणजे चौथ्या वर्षी तुम्ही ज्या विहिरीचं पाणी पीत होतात त्याची खूण साठाव्या वर्षीही दाढेत तशीच असते, मधे तुम्ही दुबईला राहून आलात तरी.

आणि प्रत्येक दात वेगळ्या वयात बनतो, खरी गंमत इथे आहे. पहिली दाढ हिरडीबाहेर येते सहाव्या वर्षी, पण तिचं इनॅमल जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं. दुसऱ्या दाढेचं अडीच-तीन ते सात-आठ वर्षांत, आणि अक्कलदाढेचं साधारण आठव्या वर्षी सुरू होऊन बारा ते सोळाच्या दरम्यान पूर्ण होतं. म्हणजे एका जबड्यात तीन तारखांच्या नोंदी मिळतात. शक्य असेल तर एका दातावर थांबू नका, पहिली दाढ आणि अक्कलदाढ अशी जोडी घ्या, दोन्हींचे आकडे सारखे आले तर पोर एकाच भागात वाढलं, वेगळे आले तर मधे कुठेतरी बिऱ्हाड हललं.

पहिल्या दाढेत एक अडचण असते, बाळ अंगावर दूध पीत असतं तेव्हा ऑक्सिजनचा आकडा, म्हणजे जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण, थोडा वर सरकतो कारण आईच्या शरीरातून आलेलं पाणी प्यायच्या पाण्यापेक्षा जड असतं. म्हणून ऑक्सिजन बघायचा असेल तर दुसरी दाढ किंवा अक्कलदाढ बरी. स्ट्रॉन्शियमला, म्हणजे खडकातून अन्नपाण्यावाटे दातात येणाऱ्या मूलद्रव्याला, हा त्रास नाही.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी

हे लोक गडबडीत विसरतात आणि मग पस्तावतात. नमुना घेताना दाताचा थोडा भाग कायमचा जातो, म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो, पट्टी ठेवून, मग एक्स-रे, जमलं तर सीटी स्कॅन आणि ठसा. फिलिंग, कॅप, रूट कॅनाल काय आहे ते लिहा, कारण कुठल्यातरी दवाखान्यात त्या माणसाचा जुना एक्स-रे असेल तर एका दिवसात ओळख पटते आणि आयसोटोपची गरजच उरत नाही. दातावरचे डाग बघा, मिश्रीचे, गुटख्याचे, पानाचे, हे मोठेपणीच्या सवयी सांगतात. आणि तपकिरी ठिपके-पट्टे दिसले तर फ्लोरोसिस आहे का ते तपासा, कारण तो लहानपणी जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायल्यानेच होतो, आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत हे भरपूर दिसतं, म्हणजे मशीन चालू करायच्या आधीच एक धागा हातात येतो.

पोलिस केस असेल तर पंचनामा, सीलबंद पाकीट, कुणी कुणाकडे कधी दिलं याची सहीनिशी नोंद, यातलं एकही तुटलं तर कोर्टात तुमचा सुंदर आकडा कुणी विचारणार नाही. सुकलेला दात कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट राहिला की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

आणि अख्खा दात कधीच वापरून टाकू नका. इनॅमल आयसोटोपला आणि मूळ डीएनएला, अशी वाटणी करता येते, एकाच दाढेत दोन्ही कामं होतात. अर्धं इनॅमल शिल्लक ठेवा, उद्या दुसऱ्या लॅबला पुन्हा तपासायचं असेल तर हवं.

मृतदेह जळालेला असेल तर? आपल्याकडे हे नेहमीचं आहे. उष्णतेने इनॅमल तडकून उडतं, पण जबड्याच्या आत अजून न उगवलेली किंवा अर्धवट उगवलेली अक्कलदाढ असेल तर हाड तिला सांभाळतं, ती शोधा. जळालेल्या नमुन्यात ऑक्सिजन आणि कार्बनवर विश्वास ठेवू नका, ते आगीत बदलतात, स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर मात्र टिकतं. आणि दातच नसतील तर हाडावर भागवावं लागतं, २००१ मध्ये लंडनला थेम्स नदीत एका लहान मुलाचं डोकं नसलेलं धड सापडलं होतं, तिथे हाडांतल्या स्ट्रॉन्शियमवरूनच तपास नायजेरियाकडे गेला.

नमुना कसा काढायचा

लागतं अगदी थोडं, पाच ते वीस मिलिग्रॅम इनॅमल पुरतं. दात अल्ट्रापुअर पाण्यात, अल्ट्रासॉनिकमध्ये स्वच्छ करा. मग डायमंड बरने (ड्रिलचं हिऱ्याचं टोक) सगळ्यात वरचा थर खरवडून टाकून द्या, कारण माती, थुंकी, टूथपेस्ट याचा संबंध त्या थराशी असतो. त्याच्या आतलं पांढरं, चकचकीत, टणक इनॅमल घ्या आणि डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर, लागला की थांबा. डेंटिन पिवळसर आणि मऊ असतं, ड्रिलचा आवाजसुद्धा बदलतो, हाताला लगेच कळतं. शिकत असताना माझ्या एका नमुन्यात डेंटिन मिसळलं होतं आणि आकडा बरोबर देह पुरला होता त्या मातीच्या आकड्याकडे ओढला गेला, पूर्ण नमुना बाद करावा लागला, आणि तो दात पुन्हा मिळत नसतो. म्हणून हा मुद्दा मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

डेंटिन फेकायचं नाही बरं का, वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा. ते सच्छिद्र असल्यामुळे जिथे देह पुरला होता तिथल्या मातीतलं पाणी ते शोषून घेतं, म्हणजे त्याच जागेचा स्थानिक आकडा तुम्हाला फुकट मिळतो. इनॅमल आणि डेंटिन यांत स्पष्ट फरक असेल तर इनॅमलमध्ये माती शिरलेली नाही असं समजायला जोर येतो.

पुढचं लॅबचं काम थोडक्यात. पावडर सौम्य ॲसिटिक ॲसिडने धुवायची म्हणजे बाहेरून बसलेला कार्बोनेट निघतो. स्ट्रॉन्शियमसाठी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून खास रेझिनच्या कॉलममधून काढायचं, आणि टिम्स किंवा मल्टिकलेक्टर आयसीपीएमएस या अणू वजनाप्रमाणे मोजणाऱ्या यंत्रांवर मोजायचं, सोबत एसआरएम ९८७ हे स्टँडर्ड (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावायचं ज्याचा आकडा ०.७१०२५ च्या आसपास यायलाच हवा. तो आला नाही तर बाकीचं काहीही खरं मानू नका. कार्बन आणि ऑक्सिजनसाठी पावडरवर फॉस्फोरिक ॲसिड टाकून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. रिकामा ब्लँक, म्हणजे दाताची पावडर न घालता केलेली तीच सगळी प्रक्रिया, प्रत्येक बॅचला चालवा.

कुठला आयसोटोप काय सांगतो

स्ट्रॉन्शियम म्हणजे खडकाची खूण. रुबिडियम-८७ हळूहळू क्षय पावून स्ट्रॉन्शियम-८७ होतं, इतकं हळू की निम्मं व्हायला सुमारे ४९ अब्ज वर्षं लागतात. म्हणून खूप जुन्या ग्रॅनाइट, नाइस खडकांत स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं ८७/८६ हे गुणोत्तर चढं, बऱ्याचदा ०.७१५ च्या पुढे, आणि तरुण बेसाल्टमध्ये कमी, ०.७०४-०.७०६ च्या घरात. खडकातून माती, मातीतून भाजी आणि पाणी, तिथून पोटात, आणि कॅल्शियमसारखंच वागत असल्यामुळे ते थेट दातात जाऊन बसतं. गुणोत्तर वाटेत बदलत नाही हे महत्त्वाचं.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबाने तरुण. सातारा, नगर, बीडकडचं पोर आकड्याने सहसा खाली असणार. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुने खडक लागतात तिथे आकडा वर जातो. कोकण किनाऱ्याला समुद्राचा तुषार आणि पाऊस ०.७०९२ कडे ओढतो, कारण जगातल्या सगळ्या समुद्रांचा आकडा तोच आहे. आणि सह्याद्रीतला लाव्हाही सगळा एकसारखा नाही, बुशे नावाच्या थरात भूकवचाचा जुना खडक मिसळल्यामुळे आकडा ०.७१३ च्या वर जातो, त्यामुळे सरसकट काळा दगड म्हणजे ०.७०५ असं धरून चालू नका, मी हे चांगल्या चांगल्या लोकांना करताना बघितलंय.

ऑक्सिजन म्हणजे पाण्याची खूण. ढग समुद्रापासून आत जाताना, घाट चढताना जड ऑक्सिजन आधी पावसात सांडतो, म्हणून आत आणि उंचावर पाणी हलकं होत जातं. हिमालयातलं बर्फ वितळून आलेलं पाणी आणखी हलकं. पण तलावात, उघड्या विहिरीत उन्हाने बाष्पीभवन झालं की पाणी पुन्हा जड, आणि उकळण्यानेही फरक पडतो, त्यामुळे एकाच गावातल्या माणसांतही एक-दोन प्रति हजार फरक सहज येतो. म्हणून ऑक्सिजनवरून सुतावरून स्वर्ग गाठू नये. आणखी एक, इनॅमलचा आकडा सूत्राने पिण्याच्या पाण्यात बदलायचा मोह टाळा, त्या सूत्रांची चूकच मोठी आहे, इनॅमलची तुलना इनॅमलशीच करा.

कार्बन म्हणजे ताट. ज्वारी, बाजरी, मका, ऊस एका प्रकारचे आणि भात, गहू, डाळी दुसऱ्या प्रकारच्या. नुसत्या भात-डाळीवर वाढलेल्याच्या इनॅमलमध्ये जड कार्बनचा आकडा उणे १३-१४ प्रति हजारच्या आसपास येतो आणि भाकरीवर वाढलेल्याचा शून्याकडे सरकतो. सोलापूरकडचं ज्वारीवर वाढलेलं लेकरू आणि रत्नागिरीचं भातावर वाढलेलं लेकरू इथे वेगळं दिसायला हवं, आणि गाईम्हशींना कडबा घातला असेल तर दुधातूनही तीच खूण येते. उत्तराखंडच्या रूपकुंड तळ्यावरच्या सांगाड्यांचं उदाहरण बघा, तिथे दातांऐवजी हाडांतल्या प्रथिनाचा कार्बन-नायट्रोजन बघितला होता, २०१९ ला छापलेल्या त्या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही हात होता, आणि डीएनएने भूमध्य समुद्राकडचा ठरलेला गट खाण्यावरूनही वेगळा दिसला.

शिसं उपयोगी आहे, पण आधुनिक केसमध्ये जपून. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, त्याआधी शहरात वाढलेल्या मुलांच्या दातात खडकाचं नाही तर पेट्रोलचं शिसं असतं. आणि वय काढायचं असेल तर कार्बन-१४ आहे, १९५५ ते ६३ मधल्या अणुचाचण्यांमुळे हवेत त्याचं प्रमाण खूप वाढलं आणि मग उतरत गेलं, स्वीडनच्या संशोधकांनी २००५ मध्ये इनॅमलमधल्या या कार्बनवरून जन्मसाल सरासरी १.६ वर्षांच्या फरकाने काढून दाखवलं. अनोळखी मयत २५ चा की ४५ चा हे कळलं तर बेपत्ता लोकांची यादी किती छोटी होते बघा.

नकाशा नसेल तर आकडा मुका

०.७१८ आला. पुढे काय? तुलनेला नकाशा हवा. त्यासाठी त्या त्या भागातली झाडांची पानं, गोगलगायीचे शंख, विहिरीचं पाणी, उंदरासारखे जागा न सोडणारे प्राणी यांचे आकडे जमवतात, नुसता खडक कुटून भागत नाही कारण झाड खडकातलं सगळं उचलत नाही. पाण्याच्या आयसोटोपचं काम अहमदाबादच्या पीआरएलने (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) देशभर केलंय, ते बघा. स्ट्रॉन्शियमचा नकाशा भारतात अजून विरळ आहे, म्हणून शंका असलेल्या दोन-चार जिल्ह्यांत स्वतः जाऊन नमुने आणायची तयारी ठेवा.

आणि नमुने शेतातून आणताना खूप जपा. डेन्मार्कमधली एग्तवेडची मुलगी, कांस्ययुगातली, २०१५ मध्ये ती दूरच्या देशातून आली असं छापून आलं आणि जगभर गाजलं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की तिथल्या शेतांत टाकलेल्या चुन्याने स्थानिक पाण्याचे आकडेच बदललेत, तो परिणाम काढला तर ती जवळपासचीही असू शकते. आपल्याकडे खतं टाकलेली शेतं सोडून जुनी देवराई, गायरान, पडीक जागा निवडा.

आताच्या माणसांसाठी अजून एक विचार करायला लागतो, रेशनचा गहू पंजाब-हरियाणाकडून, मीठ गुजरातच्या मिठागरातून, त्यामुळे आकडा थोडा मध्याकडे ओढला जातो. पण शरीरातलं स्ट्रॉन्शियम जास्त करून कॅल्शियमवाल्या गोष्टींतून येतं, पालेभाजी, दूध, पाणी, आणि खेड्यात हे अजून बरंचसं जवळचंच असतं. शहरात पिशवीचं दूध पिऊन वाढलेल्या पोराचं वाचणं अवघड जातं, मान्य करायला लागतं.

वाचायचं कसं

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुंबईत रुळांलगत एक तरुण सापडला, खिशात काही नाही. पहिल्या दाढेत ०.७३१, अक्कलदाढेत ०.७३०, कार्बन उणे १२. पहिलं, दोन्ही दाढा सारख्या, म्हणजे लहानपण एकाच भागात. दुसरं, ०.७३ म्हणजे दख्खनचा पाषाण नाही, किनाराही नाही, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, बहुतेक मराठवाडा, खानदेश खोडा. तिसरं, भातावर वाढलेला, म्हणजे ज्वारी-बाजरीचे पट्टे मागे टाका. उरलं काय? छोटा नागपूर, ओडिशाचा जुना खडक, पूर्व विदर्भ-छत्तीसगड, हिमालयाच्या गाळाचे काही भाग. आता इथे ऑक्सिजनने अजून एखादा भाग गळतो का बघा, आणि मग त्या भागातल्या बेपत्ता तक्रारी आधी मागवा. कुठल्या भाषेत पोस्टर छापायचं हे सुद्धा यातूनच ठरतं.

दुसरं उदाहरण, पहिली दाढ ०.७०५ आणि अक्कलदाढ ०.७१९ आली तर? बेसाल्टवर जन्म, शाळेच्या वयात जुन्या खडकावर मुक्काम. सोलापूरहून हैदराबाद किंवा बंगळूरला गेलेलं कुटुंब असू शकतं. पण हे जुळणारं एक चित्र झालं, एकमेव नाही, आणि तसंच लिहायचं.

अजनाल्यात एक गोष्ट कामाची होती, १८५७ ची माणसं गावाचंच धान्य खायची आणि गावाचंच पाणी प्यायची, त्यामुळे खूण स्वच्छ. पण पंजाबही हिमालयाचा गाळ आणि गंगेचं मैदानही हिमालयाचाच गाळ, एकट्या आकड्यावर वाद मिटला नसता. डीएनए, आयसोटोप, आणि १८५७ च्या आधीची नाणी-पदकं, तिन्ही एकाच दिशेला गेली म्हणून निष्कर्षाला वजन आलं.

रिपोर्टमध्ये "हा झारखंडचा आहे" असं कधीही लिहू नका. "हे आकडे अमुक भागांशी जुळतात, तमुक भागांशी जुळत नाहीत" एवढंच लिहा, सोबत मशीनची चूक, ब्लँक, स्टँडर्ड, नकाशासाठी कुठले नमुने वापरले ते सगळं. जुळत नाहीत ती यादी वर ठेवा, तपास अधिकाऱ्याला तीच आधी लागते.

आणि उरलेला दात, डेंटिनची ट्यूब, मूळ, सगळं नंबर टाकून जपून ठेवा. नातेवाईक कधी कधी चार वर्षांनी येतात, तेव्हा आई किंवा भावाच्या डीएनएशी जुळवायला तेच मूळ लागतं, आणि ओळख पटली की कोर्टाची परवानगी घेऊन तो उरलेला दात त्यांच्या हातात द्यायचा असतो, कारण बऱ्याचदा विसर्जन करायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नसतं.